बी नसलेले फळ

वसईच्या जुन्या माणसापुढे नुसता 'केळे' हा शब्द उच्चारला, तर तो क्षणभर आपल्याकडे पाहतो आणि विचारतो, "कुठले?" राजेळी, मुठेळी, भुरकेळ, बनकेळ, हरीसाल, लाल वेलची, सफेद वेलची, तांबडे केळे, बसराई अशी नावे तो बोटांवर मोजू लागतो, आणि त्याच्या चेहऱ्यावर असा भाव उमटतो, की जणू घरच्या भावंडांचीच नावे घेतो आहे. एका फळास इतकी नावे असावीत, ही केवळ शब्दांची श्रीमंती नव्हे. प्रत्येक नावामागे वेगळी साल, वेगळा गर आणि वेगळा उपयोग असतो. वेलची पाहुण्यांपुढे ठेवावी. राजेळी उकडावी, तळावी, पिकली की खावी, आणि जास्त झाली की तिची सुकेळी करावीत.

सुकेळी हे तर आमच्या भागाचे भूषण. पिकलेली राजेळी सोलून उन्हात दिवसामागून दिवस वाळवायची, रात्री दवापासून जपायची, आणि मधासारखा रंग चढला की केळीच्याच वाळलेल्या पानात घट्ट बांधायची. आत फळ आणि बाहेर त्याचेच पान. आगाशीच्या बाजूस काही कुटुंबे हे काम आजही निष्ठेने करतात. मात्र त्यांना राजेळीचे लोंगर पूर्वीसारखे हाकेच्या अंतरावर मिळत नाही, हेही तितकेच खरे.

वरील यादीत बसराईला आम्ही मुद्दाम शेवटी बसविले आहे. त्याचे कारण पुढे येईल. तूर्त एवढेच, की स्टेशनाबाहेरच्या हातगाडीवर आज जे केळे दिसते त्याला कोणी नावाने हाक मारीत नाही. सारख्या लांबीचे, सारख्या पिवळ्या रंगाचे, डाग नसलेले. गिऱ्हाईक 'एक डझन' म्हणते आणि विक्रेता फणी तोडून देतो. 'कुठले?' हा प्रश्न संपला आहे.

आम्ही हे लिहावयास बसलो त्यास निमित्त झाले ते एका लहान मुलीचे. पहिल्या कम्युनियनच्या वर्गात आम्ही उत्पत्तीच्या पुस्तकातील पहिला अध्याय शिकवीत होतो. तिसऱ्या दिवशी परमेश्वराने भूमीवर वनस्पती उगवविल्या, बी देणाऱ्या वनस्पती आणि ज्यांच्या फळांत बी आहे अशी फळझाडे, आपापल्या जातीप्रमाणे, असे सांगून झाले. आठ-नऊ वर्षांची एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "फादर, केळ्यात बी नसते. मग देवाने केळे कुठल्या दिवशी केले?"

वर्ग हसला. आम्हांला मात्र हसू आले नाही. सेमिनरीत आम्हांस शास्त्राचे भाष्य शिकविणारे एक वृद्ध प्राध्यापक होते. ते म्हणत की, बायबल वाचताना ज्याला प्रश्न पडत नाही त्याने ते उघडले आहे, वाचलेले नाही. ह्या मुलीने ते वाचले होते. आम्ही तिला पुढच्या रविवारी उत्तर देण्याचे कबूल केले आणि त्या आठवड्यात केळीविषयी जे जे वाचावयास मिळाले ते वाचून काढले.

केळे आडवे कापले तर मधोमध काळसर ठिपक्यांची रांग दिसते. ते ठिपके म्हणजे जन्मास न आलेल्या बिया. रानातल्या केळीची गोष्ट वेगळी. आमच्या सह्याद्रीच्या कड्यांवर पावसाळ्यात उगवणारी चवई, जिला रानकेळ असेही म्हणतात, ती केळीच्याच कुळातली. तिच्या फळात गर थोडा आणि दगडासारख्या काळ्या बियाच अधिक. तिला बुंध्याशी मुनवे फुटत नाहीत. एकदा फळली की ती मरते आणि तिचा वंश चालतो तो केवळ बियांवर. उत्पत्तीच्या पुस्तकाने वर्णिलेली केळ हवी असेल, तर ती ही.

आपण खातो त्या केळ्यांचे पूर्वज आग्नेय आशियातल्या दोन रानटी जाती, त्याही भरपूर बियांच्या. त्यांच्यातून केव्हातरी अशी झाडे निपजली, की ज्यांच्या पेशींत गुणसूत्रांचे दोन संच असण्याऐवजी तीन संच आले. दोन संचांची समान वाटणी होते आणि बीज तयार होते. तिनाची वाटणी नीट होत नाही आणि बी धरत नाही. निसर्गात असे झाड वांझ म्हणून संपलेच असते. परंतु कोणा माणसाने ते चाखले, बिया न लागता मुखात विरघळणारा गर त्याला लाभला, आणि त्याने त्या झाडाचा मुनवा काढून आपल्या झोपडीपाशी लावला. न्यू गिनी बेटावर सुमारे सात हजार वर्षांपूर्वीच्या केळीच्या लागवडीच्या खुणा सापडल्या आहेत. तेव्हापासून आजवर हे झाड माणसाच्या हाताने एका भूमीतून दुसऱ्या भूमीत जात राहिले. म्हणजे आमच्या वाडीतली राजेळी ही आजोबांच्या राजेळीची नात नव्हे. ती आजोबांचीच राजेळी आहे, तेच झाड, तोच जीव, फक्त जागा बदललेला.

पुढच्या रविवारी आम्ही त्या मुलीला सांगितले, की तिसऱ्या दिवशी देवाने केळीला सुरुवात केली, आणि सहाव्या दिवशी ज्या माणसाला त्याने बागेची मशागत व राखण सांगितली त्या माणसाच्या हातून ते काम अजून चालू आहे. तिने थोडा विचार केला आणि विचारले, "मग त्यात बी परत घालता येईल?" होंडुरासमध्ये संशोधकांनी केळफुलांवर हाताने पराग घालून, पुढे हजारो केळी चाळण्यांवर चोळून त्यांतून मोजक्या बिया मिळविल्या आहेत, हे आम्ही वाचले होते. ते ऐकून तिचे समाधान झाले. आमचे झाले नाही.

कारण केळ्याचे आणि आमच्या धर्माचे नाते पुष्कळ जुने आहे, आणि ते सर्वच काही गोड नाही. स्वीडनच्या लिनिअसने १७५३ साली वनस्पतींना शास्त्रीय नावे दिली, तेव्हा केळीस त्याने 'म्युझा पॅराडिसिआका' म्हटले, म्हणजे नंदनवनातली केळ. आदामाने खाल्ले ते फळ सफरचंद नसून केळे होते आणि त्याने अंग झाकले तेही केळीच्या पानांनी, अशी एक समजूत पूर्वेकडील ख्रिस्ती व मुसलमान लोकांत होती. पानांच्या आकाराचा विचार करता आम्हांस ती अंजिराच्या पानांपेक्षा अधिक व्यवहार्य वाटते. पोर्तुगीज आपल्या किनाऱ्यावर उतरले तेव्हा त्यांनीही केळ्याला 'हिंदुस्थानचे अंजीर' असेच नाव दिले.

ह्या 'हिंदुस्थानच्या अंजिरा'वर ज्याने एक संवादच लिहिला, तो गार्सिया द ऑर्टा १५३४ साली गोव्यात आला. वसई पोर्तुगिजांच्या हाती आली तीही त्याच वर्षी. ऑर्टा वैद्य होता. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहावरही त्याने उपचार केले. आपल्या देशातील औषधी, मसाले व फळे ह्यांविषयी त्याने लिहिलेले पुस्तक १५६३ साली गोव्यात छापले गेले. ग्रंथात दोघे बोलतात, एक स्वतः ऑर्टा आणि दुसरा त्याचा कल्पित मित्र. मित्र ग्रीक व रोमन ग्रंथांचे दाखले देतो. ऑर्टा म्हणतो ते साधारण असे, की मी इथे राहतो आणि मी हे डोळ्यांनी पाहिले आहे. ग्रंथप्रामाण्यापेक्षा पाहण्याला मान देणारा हा मनुष्य. देशी हकीमांना, वैद्यांना तो प्रश्न विचारी आणि त्यांची उत्तरे लिहून ठेवी.

ऑर्टा १५६८ साली वारला. तो मूळच्या यहुदी घराण्यातला होता. त्याच्या मृत्यूनंतर दुसऱ्याच वर्षी त्याची बहीण कातारिना हिला, गुप्तपणे यहुदी धर्म पाळल्याच्या आरोपावरून, गोव्याच्या धर्मन्यायालयाने जिवंत जाळण्याच्या शिक्षेस पात्र ठरविले आणि ती शिक्षा अमलात आली. १५८० साली ऑर्टाची हाडे उकरून तीही जाळण्यात आली. ज्या शहरात त्याचे पुस्तक छापले गेले त्याच शहरात हे घडले. आमच्या काही बांधवांस असा इतिहास आपल्या नियतकालिकात आलेला रुचत नाही. 'आपणच आपले उणे कशास सांगावे?' असे ते म्हणतात. आमचे म्हणणे असे, की जे घडले ते दुसऱ्यांच्या तोंडून रागाने ऐकण्यापेक्षा आपल्या व्यासपीठावरून शांतपणे सांगितलेले बरे. पोप संत जॉन पॉल दुसरे ह्यांनी २००० सालच्या जुबिली वर्षात ख्रिस्तसभेच्या लेकरांच्या हातून झालेल्या पापांबद्दल सर्वांसमक्ष क्षमा मागितली. ती क्षमायाचना ऑर्टाच्या बहिणीलाही लागू आहे, असे आम्ही समजतो.

तथापि एक तक्रार उलट्या बाजूचीही आहे. कॉलेजात जाणारी आमची मुले कधीकधी मिस्सानंतर थांबतात आणि म्हणतात, "फादर, धर्माने विज्ञानाला नेहमीच विरोध केला ना?" 'नेहमीच' ह्या शब्दाशी आमचे भांडण आहे. शाळेत मेंडेलचे वाटाणे आम्हीही शिकलो. उंच आणि बुटके, गोल आणि सुरकुतलेले. परंतु ते वाटाणे लावणारा मनुष्य ऑगस्टिनियन संघाचा धर्मगुरू होता, ही गोष्ट आमच्या विज्ञानाच्या शिक्षकांनी आम्हांस सांगितली नाही. आणि सेमिनरीत, जिथे ती सांगावयास हवी होती, तिथेही कोणी सांगितली नाही. ग्रेगोर मेंडेल हे ब्रनो शहरातील संत थॉमस ह्यांच्या मठात राहत. शिक्षकपदाची परीक्षा त्यांनी दोनदा दिली आणि दोन्ही वेळा त्यांना यश आले नाही. १८५६ पासून सात-आठ वर्षे मठाच्या बागेत त्यांनी हजारो रोपे वाढविली, मोजली, नोंदविली. १८६५ साली त्यांनी आपला निबंध वाचला, दुसऱ्या वर्षी तो छापला गेला, आणि मग चौतीस वर्षे त्याची कोणी म्हणावी तशी दखल घेतली नाही. १९०० साली त्याचा पुन्हा शोध लागला तेव्हा मेंडेल ह्यांना जाऊन सोळा वर्षे झाली होती. हल्लीचे आपले पोप महोदय लिओ चौदावे हेही त्याच ऑगस्टिनियन संघाचे आहेत, हे इथे सहज आठवले.

वाटाण्यानंतर मेंडेल ह्यांनी हॉकवीड नावाच्या पिवळ्या फुलांच्या रानवनस्पतीवर प्रयोग केले, ते त्यांना चकवून गेले. वाटाण्यात जे नियम दिसले ते तिथे दिसेनात. संतती हुबेहूब मातेसारखीच निघे. त्या वनस्पतीत परागाशिवायच बी धरते, हे त्या काळी ठाऊक नव्हते. एका परीने ती आमच्या केळीचीच बहीण. आणि तेवढ्यात राजकारण आले. १८६८ मध्ये ते मठाधिपती झाले. १८७४ साली सरकारने मठांवर नवा कर बसविला आणि मेंडेल ह्यांनी तो भरण्याचे साफ नाकारले. आयुष्याची शेवटची दहा वर्षे अर्जविनंत्या आणि जप्तीच्या नोटिसा ह्यांत गेली. धर्मग्रामाचा कारभार पाहणाऱ्या आमच्यासारख्यास हे वाचताना मेंडेल फार जवळचे वाटतात. बागेत जावयाचे असते आणि टेबलावर कर-आकारणीचे पत्र पडलेले असते.

पुढे विसाव्या शतकात ह्याच मेंडेलच्या नावावरून माणसांना तुरुंगात जावे लागले. सोव्हिएत रशियात निकोलाय वाव्हिलोव ह्यांनी जगभर हिंडून धान्यांचे, कडधान्यांचे, फळांचे असंख्य वाण गोळा केले होते. एखादे पीक जिथे मूळ जन्मले तिथेच त्याची विविधता सर्वांत दाट असते, हा त्यांचा सिद्धान्त. परंतु सत्तेला लिसेंको नावाच्या गृहस्थाचे विज्ञान आवडले. मेंडेलचे आनुवंशशास्त्र हे परकीय व मठातले म्हणून त्याज्य ठरले. वाव्हिलोव १९४३ साली साराटोव्हच्या तुरुंगात उपासमारीने मेले. आणि लेनिनग्राडच्या वेढ्यात त्यांचे सहकारी, तांदळाच्या आणि भुईमुगाच्या पोत्यांमध्ये बसून, बियाण्याचा दाणाही तोंडात न घालता भुकेने मरण पावले. हे सहकारी कोणत्या धर्माचे होते किंवा नव्हते हे आम्ही शोधले नाही. पण दुसऱ्यांसाठी धान्य राखून स्वतः उपाशी मरणे ह्याला आमच्या भाषेत जो शब्द आहे, तो त्यांना लावावयास आम्हांस संकोच वाटत नाही. १९५० साली मेंडेल ह्यांचा मठही तत्कालीन सरकारने बंद केला. एका न्यायालयाने हाडे जाळली, दुसऱ्याने माणसे उपाशी मारली. एकाच्या हाती क्रूस होता, दुसऱ्याच्या हाती विळा-हातोडा. दोघांनाही एकच गोष्ट खपत नव्हती: वेगळेपण.

आता बसराईकडे येऊ. बसराई ही कॅव्हेंडिश नावाच्या घराण्यातली बुटकी केळ. हे इंग्रज उमरावाचे नाव केळ्याला पडण्याचे कारण असे, की डेव्हनशायरच्या ड्यूकचा माळी जोसेफ पॅक्स्टन ह्याने १८३०च्या दशकात मॉरिशसहून आलेली ही केळ चॅट्सवर्थच्या काचघरात वाढविली. तिचे मुनवे जॉन विल्यम्स ह्या प्रॉटेस्टंट मिशनऱ्याने बोटीने दक्षिण समुद्रातील सामोआ बेटावर नेले. तेथून ती आसपासच्या बेटांवर पसरली. विल्यम्स ह्यांना १८३९ साली एका बेटावर ठार मारण्यात आले. शुभवर्तमानाबरोबर आपण दुसरे काय पोहोचविले, ह्याची त्यांना कल्पना नसावी.

त्या काळी जगाच्या बाजारात दुसरेच केळे चाले. 'ग्रो मिशेल' त्याचे नाव. मध्य अमेरिकेत मैलोगणती एकाच जातीच्या केळीच्या बागा उभ्या राहिल्या. एक झाड म्हणजे सर्व झाडे, हे वर सांगितलेच आहे. मातीतून एक बुरशी आली, जिला 'पनामा रोग' म्हणतात. तिने एका झाडाला मारले आणि मग तिला काही नवे शिकावेच लागले नाही. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत निर्यातीच्या व्यापारातून ग्रो मिशेल नाहीशी झाली आणि तिची जागा, ह्या बुरशीस दाद न देणाऱ्या कॅव्हेंडिशने घेतली. आज देशोदेशी बोटीने जाणारे जवळजवळ सर्व केळे कॅव्हेंडिशच. आपल्या जळगावातही आधी बसराईने आणि आता 'ग्रँड नैन' ह्या तिच्याच बहिणीने मळे व्यापले आहेत. खानदेशच्या शेतकऱ्याची कष्टाळू वृत्ती आणि त्याचे उत्पन्न ह्यांविषयी आम्हांस आदरच आहे. एका केळ्याने त्याच्या घरात चार पैसे आणले हे कोण नाकारील? परंतु त्या बुरशीचा नवा प्रकार आता कॅव्हेंडिशलाही मारतो आहे. तो आशियातून आफ्रिकेत गेला, २०१९ साली दक्षिण अमेरिकेत कोलंबियात पोहोचला, आणि आपल्या देशात बिहारमध्येही आढळला आहे. त्यावर उपाय शोधणारे शास्त्रज्ञ कुठे जातात? ज्यांची बाजारात कुणी विचारपूस करीत नाही अशा रानकेळींकडे आणि परसातल्या जुन्या वाणांकडे.

केळ्याच्या व्यापाराने सरकारेही पाडली. ग्वातेमालात १९५२ साली जमीनसुधारणेचा कायदा झाला. पडीक ठेवलेली मोठी जमीन भूमिहीनांस वाटण्यास सुरुवात झाली आणि त्यात अमेरिकन केळी-कंपनीची जमीनही गेली. १९५४ साली अमेरिकेच्या मदतीने ते सरकार उलथविण्यात आले. त्यापूर्वी दोनच महिने तेथील आर्चबिशपांनी साम्यवादाविरुद्ध उठण्याचे आवाहन करणारे पत्र काढले होते. साम्यवादाची त्यांना वाटलेली भीती निराधार होती असे मठ बंद पाडणाऱ्या राजवटींची हकीकत सांगणारे आम्ही म्हणू शकत नाही. पण त्या पत्राचा लाभ भूमिहीनांस झाला नाही. मेंढपाळाने कोणाच्या बाजूस उभे राहावे, हा प्रश्न सुटला असे कधी होतच नाही.

आमच्या वसईत धर्मगुरू १९८०च्या दशकाच्या शेवटी हिरव्या बाजूस उभे राहिले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो ह्यांच्या पुढाकाराने 'हरित वसई'ची चळवळ उभी राहिली. बांधकामांसाठी विहिरींचे गोड पाणी टँकरने उपसले जात होते, बावखले बुजत होती, आणि त्याविरुद्ध ख्रिस्ती व हिंदू शेतकरी, वाडवळ, सामवेदी, कोळी सारे एकत्र रस्त्यावर आले. ते आज आपल्यात नाहीत. २०२४ साली ते परमेश्वराघरी गेले. उलट केरळात इडुक्कीच्या डोंगरांत, माधव गाडगीळ ह्यांच्या अध्यक्षतेखालील समितीचा २०११चा अहवाल आणि त्यामागून आलेला कस्तुरीरंगन समितीचा अहवाल ह्यांच्या विरोधात निघालेल्या मोर्चांत आमचेच धर्मबांधव आणि धर्मगुरू होते. ते निसर्गाचे वैरी होते असे आम्ही मानत नाही. घर जाईल, जमीन जाईल ह्या भीतीने शेतकरी गोळा झाला आणि धर्मगुरू त्याच्यामागे गेले. आमच्याकडेही भीती तीच होती, फक्त बांधकाम करणारा पलीकडे उभा होता. मग २००९ साली महानगरपालिका आली. २९ गावे तिच्यात असावीत की नसावीत हा वाद वर्षानुवर्षे न्यायालयात रेंगाळला, आणि तेवढ्या अवधीत निकालाची वाट न पाहता इमारती वर गेल्या.

संत थॉमस अक्वायनस ह्यांनी तेराव्या शतकात एक प्रश्न घेतला होता, की देवाने इतके नानाविध जीव का निर्माण केले. त्यांचे उत्तर सेमिनरीत आम्ही लॅटिनमध्ये घोकले होते: देवाचे चांगुलपण कोणत्याही एका प्राण्यात पूर्णपणे प्रकट होऊ शकत नाही, एकात जे उणे राहते ते दुसऱ्याने भरून काढावे म्हणून पुष्कळ आणि वेगवेगळे. पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१५च्या 'लाउदातो सी' ह्या परिपत्रकात हाच विचार पुन्हा मांडला. परीक्षेपुरते पाठ केलेले हे वाक्य आमच्या मनात उतरले ते पुष्कळ वर्षांनी, खंडाळ्याच्या डोंगरात, कारवीच्या निळ्या-जांभळ्या फुलोऱ्यात उभे असताना. सात वर्षे नुसती पाने आणि मग एकाच वर्षी सारा डोंगर निळा. त्याच डोंगरात जन्माने स्पॅनिश असलेले येशूसंघीय फादर संतापाव वर्षानुवर्षे हिंडले. १९५३ साली त्यांचा खंडाळ्याच्या वनस्पतींवरचा ग्रंथ निघाला, पुढे ते भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे संचालक झाले, आणि १९६७ साली त्यांना पद्मश्री मिळाली. मुंबईच्या सेंट झेविअर्स कॉलेजात फादर ब्लॅटर ह्यांच्या नावाचा वाळविलेल्या वनस्पतींचा संग्रह आहे. आमच्या कॉलेजकुमारांनी पुन्हा 'नेहमीच' म्हटले, तर त्यांना आम्ही तिकडे धाडणार आहोत.

इतके सारे झाल्यावर आमच्या अंगणातली गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. चर्चच्या मागे, पूर्वी रहाट होता त्या विहिरीपाशी, केळीची एक लहानशी वाडी आहे. राजेळीची चार बेटे, मुठेळीची दोन, आणि भुरकेळीचे एक. भुरकेळीचे ते बेट धर्मग्रामात आता एवढेच उरले, असे जाणती माणसे सांगतात. पॅरिश कौन्सिलने त्या जागेवर फरशीचे ठोकळे बसवून गाड्या उभ्या करण्याची सोय करावी असा ठराव नऊ विरुद्ध सहा मतांनी संमत केला. ठराव मांडणाऱ्यांना आम्ही दोष देऊ शकत नाही. रविवारी गाड्या रस्त्यावर लागतात, शेजारच्या वस्तीशी कुरबुरी होतात; अंत्यविधीच्या वेळी शवपेटी घेऊन येणारी गाडी वळता वळत नाही; गुडघे दुखणाऱ्या वृद्धांना दूरवर उतरून चालत यावे लागते. नऊ मतांपैकी तीन तर अशा घरांची, की ज्यांनी आयुष्यभर केळी लावली आणि विकली.

धर्मनियमांप्रमाणे कौन्सिलचे मत सल्ल्यापुरते; अखेरचा शब्द प्रमुख धर्मगुरूचा. म्हणजे आमच्या एका सहीने वाडी वाचते. पण वेगळेपणाचा कैवार घ्यावयाचा, आणि तोही नऊ माणसांचे वेगळे मत मोडून काढून, हे आमच्या घशाखाली उतरत नाही. आम्ही पुन्हा बैठक बोलाविली आहे. मधल्या काळात विहिरीच्या पश्चिमेची जागा मोजून पाहिली. गाड्या तिरप्या लावल्या तर राजेळीची दोन बेटे व भुरकेळ वाचते, मुठेळी मात्र हलवावी लागते. अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरे ह्यांनी गावठी बियाणी घराघरांत वाटून जगविली आणि त्यांना पद्मश्रीचा मान मिळाला. त्यांच्याजवळ बी तरी होते. आमच्याकडे मुनवेच वाटावे लागतील, आणि ज्याला दिले त्याच्या दारात माती असावयास हवी. मिस्सानंतर विचारले तेव्हा अकरा घरांनी नावे दिली. त्यांतील चार घरे इमारतीत राहणारी, त्यांना आम्ही समजावून परत पाठविले.

ठरावाच्या बाजूने मत दिलेल्यांपैकी एक आजोबा काल संध्याकाळी वाडीत आले होते. बराच वेळ भुरकेळीपाशी उभे राहिले, बुंधा हाताने दाबून पाहिला. मग म्हणाले, "फादर, बैठक कधीही घ्या. पण मुनवे काढायचे असतील तर पहिल्या पावसाच्या आत काढा. आणि मला एक ठेवा."